चंदेरी पिस्तूल आणि परका जावई

सासऱ्यानं जावयाला काय द्यावं आणि काय देऊ नये, याबद्दल आमच्या कॅलिफोर्निया राज्याची मतं फार पक्की आहेत. हे ज्ञान मला ईस्टरच्या जेवणानंतर मिळायला सुरुवात झाली, आणि आमच्या गावच्या तळ्यावर पुन्हा बर्फ पडायला लागला तरी शिकवणी चालूच होती.

जेवण माझ्या मेहुण्याकडे, म्हणजे मार्सेलकडे होतं. त्याचं घर आमच्या घरापासून इतकं जवळ आहे की चालत निघालं तर कोटाची बटणं लावून होईपर्यंत येतं. पण मध्ये राज्याची हद्द आहे. आम्ही कॅलिफोर्नियात, तो नेवाडात. त्याच्याकडे कर कमी आणि कायदे त्याहून कमी, आणि हे तो मला भेटेल तेव्हा ऐकवतो. मी शाळेत भूगोल शिकवतो. आयुष्यभर मुलांना सीमा आखायला लावणाऱ्या माणसाला एका सीमेनं असं रडवावं, यात काहीतरी दैवी न्याय असणार.

तर कोकराचं मांस संपलं, लसणाचा वास पडद्यांत मुरला, आणि माझे सासरे बातिस्त इचार्ट यांनी सुरी ताटावर आपटली. चौऱ्याऐंशी वर्षांचे हे बास्क, म्हणजे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखातल्या कुळातले गृहस्थ सारा जन्म नेवाडाच्या माळावर मेंढ्या राखून आता मुलाकडे राहत होते. माळ विकल्यापासून त्यांनी आपल्या वस्तू हयातीतच वाटायला काढल्या होत्या. मार्सेलला खोगीर दिलं होतं, चुलतपुतण्याला सुरा, चर्चच्या पाद्रीबाबांनासुद्धा वाइनची चामडी पिशवी. मला गेली एकतीस वर्षं दर नाताळला एकच भेट मिळत आली: पेंडीच्या दुकानात फुकट वाटतात ते कॅलेंडर.

"माझं पिस्तूल," ते म्हणाले, "लेलंडला."

लेलंड म्हणजे मी.

"लेलंडला?" मार्सेल ओरडला. "आइता, अहो त्याला कुठलं टोक पुढे धरायचं ते तरी कळतं का?" आइता म्हणजे त्यांच्या भाषेत बाबा. घरातली सगळी मुलं त्यांना आइता म्हणतात. मी मिस्टर इचार्ट म्हणतो. लग्नाच्या आधी एकदा तसं म्हणालो होतो आणि नंतर कुणी दुरुस्त केलं नाही.

"तुला कळतं ना? मग तुझ्या बुटाला भोक कुणी पाडलं होतं?" सासरे म्हणाले, आणि विषय मिटला.

ते पिस्तूल मी पाहिलेलं होतं. चंदेरी, जड, कोल्ह्यांना मेंढ्यांपासून हाकलायला बाळगलेलं. मला पिस्तुलाची तीळभर हौस नाही. मला काडेपेटीच्या काडीचीसुद्धा भीती वाटते. पण खोगीर, सुरा आणि मग पिस्तूल, या रांगेत माझं नाव आलं होतं. मी वाइन जोरात प्यायलो म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं सगळ्यांना वाटलं.

मी त्याच संध्याकाळी ते घरी आणणार होतो. बायको मायते म्हणाली, "आधी कुणाला तरी विचार." माझी चूक अशी झाली की मी शेजारच्या वेंडेलला विचारलं. वेंडेल विम्याच्या कंपनीतून निवृत्त झालेला आहे आणि कुंपणाला टेकून उभं राहणं हा त्याचा पूर्णवेळचा व्यवसाय आहे.

"हद्द ओलांडून आणणार?" त्यानं डोळे मोठे केले. "गुन्हा! त्यांनी तुझ्या हातात दिलं तर त्यांचा गुन्हा, तू घेतलंस तर तुझा गुन्हा."

"अरे, सासरे आहेत ते माझे. चोर नाहीत."

"तुरुंगात सगळे कुणाचे ना कुणाचे सासरेच असतात," वेंडेल म्हणाला. त्याची वाक्यं अशी असतात. त्यांना अर्थ नसतो, पण उत्तरही नसतं.

म्हणून पिस्तूल नेवाडात राहिलं आणि मी एकटा रॉबर्टा स्लोकम यांच्या दुकानात गेलो. गावात परवानाधारक बंदूकविक्रेत्या त्या एकट्याच. काउंटरवर त्यांचं पिवळं मांजर झोपलेलं असतं आणि त्याला उठवलेलं त्यांना चालत नाही, त्यामुळे सगळे व्यवहार मांजराच्या दोन्ही बाजूंनी होतात. मी पिस्तुलाचं मॉडेल सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, संगणकावर राज्याची मंजूर पिस्तुलांची यादी काढली आणि मान हलवली.

"काळं आहे यादीत. चंदेरी नाही."

"पण पिस्तूल तेच ना?"

"तेच."

"मग चंदेरी जास्त धोकादायक आहे का?"

"कंपनीनं काळं तपासणीला पाठवलं, चंदेरी पाठवलं नाही. जे पाठवलं नाही ते यादीत नाही, जे यादीत नाही ते बाहेरच्या राज्यातून आलेलं मी तुम्हाला देऊ शकत नाही." मग त्यांना माझ्या चेहऱ्याची दया आली असावी. "देणारे तुमचे वडील आहेत का? बाप-लेकात यादी आडवी येत नाही."

"सासरे आहेत."

"मग नाही. आई-बाप, मुलं, आजोबा, नातवंडं, नवरा-बायको, एवढं घरातलं. जावई कायद्याच्या लेखी कुणी नाही. तुम्ही आणि मी जसे, तसेच तुम्ही आणि ते."

मी आणि रॉबर्टाबाई दोन मिनिटांपूर्वी भेटलो होतो. एकतीस वर्षांचा संसार, सासुरवाडीची असंख्य जेवणं, मेंढ्यांच्या वासाच्या सहा सहली, आणि राज्याच्या दप्तरी माझी किंमत त्या मांजराएवढीसुद्धा नव्हती. मांजर निदान काउंटरवर तरी होतं.

"तुमच्या मिसेसना द्यायला सांगा की," बाई म्हणाल्या. "मुलगी आहे ती त्यांची. मग त्या तुम्हाला देतील. मी इथेच सगळं करून देते."

सरळ मार्ग हाच होता. कुठल्याही शहाण्या माणसानं हाच धरला असता. पण मी घरी आलो आणि मायतेला म्हणालो, "मला नको तसं. मग ते मला तुझ्याकडून मिळालं असं होईल."

"मग काय बिघडलं? माझ्याकडून मिळालेला स्वेटर घालतोस ना?"

"स्वेटरची गोष्ट वेगळी. त्यांनी माझं नाव घेतलंय, मायते. सगळ्यांसमोर. माझं."

मायते म्हणाली, "बरं. घाल गोंधळ." बायका परवानगी देतात तेव्हा शिक्षाही त्याच वाक्यात सुनावतात.

पुढचा आठवडा वेंडेलच्या सल्ल्यांत गेला. आधी तो म्हणाला, बुटाचं काळं पॉलिश लाव. मॉडेलचा क्रमांक त्यानं बदलत नाही म्हटल्यावर म्हणाला, क्रमांकालाही लाव. मी घराकडे वळलो तर मागून ओरडला, "अरे, मग सासऱ्यालाच इकडे आण!"

आणि इथे मला कबूल करावं लागेल की वेंडेलला आयुष्यात एकदा बरोबर कळलं होतं. मी रॉबर्टाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हो, माणूस इथे कायमचा राहायला आला तर स्वतःचं पिस्तूल बरोबर आणू शकतो, फक्त सरकारला कळवायचं. आणि दोघेही इथलेच झाले की दुकानामार्फत एकानं दुसऱ्याला द्यायला यादी आडवी येत नाही. "पण खरं राहायला हवं हं," त्या म्हणाल्या. "नाटक नको. माझा परवाना आहे."

थोडक्यात, पिस्तूल मिळवायचं तर सासरा घरात घ्यायचा. एखादं बटण हवं म्हणून अख्खा कोट विकत घ्यावा, तसला हा सौदा होता. मी कोटाचा विचार न करता बटणाकडे बघत होतो.

मी घाबरत घाबरत प्रस्ताव मांडला. सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "कुत्रा येईल माझ्याबरोबर." मार्सेलनं काहीच विरोध केला नाही. उलट दुपारी मी प्रस्ताव मांडला आणि दिवेलागणीला त्याचा ट्रक आमच्या दारात उभा होता, भरलेला. खोकी इतक्या नीट बांधलेली होती की ती त्या दिवशी बांधलेली नसणार हे आंधळ्यालाही कळलं असतं. वर त्यानं भिंतीवरचं मेलेल्या मेंढ्याचं डोकंही दिलं. "हे मी कसं ठेवून घेऊ?" तो म्हणाला. "आठवण आहे ती आइतांची." आणि तो इतक्या वेगानं नेवाडात परत गेला की जणू हद्दीचं फाटक बंद व्हायची वेळ झाली होती.

मेंढ्याचं डोकं माझ्या अभ्यासिकेत लागलं, कारण सासरेही माझ्या अभ्यासिकेत लागले. माझा पृथ्वीचा गोल न्हाणीघरात गेला. न्हाणीघरातल्या दांडीवर मिरचीचे सॉसेज वाळायला टांगले गेले, त्यामुळे अंघोळ करून बाहेर आलं की माणसाला पुन्हा अंघोळ करावीशी वाटे. सासरे पहाटे उठत, नाश्त्याला वाइन घेत आणि घरातली उष्णता मेंढ्यांच्या दृष्टीनं ठरवत. रात्री पत्ते. बास्कांचा एक जोडीजोडीनं खेळायचा डाव असतो, त्यात जोडीदाराला डोळे मिचकावून खुणा करणं नियमातच बसतं. मला खुणा येत नसत, म्हणून सासरे मायतेला जोडीदार घेत आणि मी वेंडेलबरोबर हरत असे. वेंडेलचे डोळे मुळातच मिचमिचे आहेत. त्याच्या हातात काय आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसे.

कुत्र्याचं नाव बेल्ट्झ. म्हणजे काळू. मेंढ्या राखणारा कुत्रा मेंढ्या गेल्या म्हणून नोकरी सोडत नाही. त्यानं पहिल्या दिवशी आम्हाला मोजलं आणि तेव्हापासून आम्ही तिघं वेगवेगळ्या खोल्यांत बसलेलं त्याला चालेना. मी वर्तमानपत्र घेऊन व्हरांड्यात गेलो की तो माझ्या पोटऱ्यांना नाक लावून मला ढकलत ढकलत स्वयंपाकघरात आणून सोडी. मायतेच्या वाचनमंडळाच्या बायका आल्या त्या दिवशी मी शाळेतून परतलो तेव्हा पाच प्रतिष्ठित स्त्रिया फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात दाटीवाटीनं उभ्या होत्या आणि समोर बेल्ट्झ जीभ बाहेर काढून समाधानानं बसला होता.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"पहिल्या प्रकरणापासून," मायते म्हणाली.

सासरे दारात उभे राहून कौतुकानं बघत होते. "एकही निसटली नाही," ते म्हणाले.

खरं राहायला आल्याचा पुरावा म्हणून त्यांना इथला वाहन चालवायचा परवाना काढणं भाग होतं, आणि त्यासाठी लेखी परीक्षा. गोल चक्कराच्या प्रश्नावर ते अडले. अडले म्हणजे उत्तर येत नव्हतं असं नाही, प्रश्नच मान्य नव्हता. "माळावर गोल चक्कर नसतं," त्यांनी परवाना कार्यालयातल्या खिडकीमागच्या मुलीला बजावलं. ती म्हणाली, आजोबा, हे कॅलिफोर्निया आहे. ते म्हणाले, तेच म्हणतोय मी. तिसऱ्या खेपेला पास झाले.

मी मात्र हसायच्या भरात माझी परीक्षा विसरलो होतो. पिस्तूल घेणाऱ्यालाही सुरक्षिततेची लेखी चाचणी द्यावी लागते. रॉबर्टाबाईंच्या दुकानात मांजराशेजारी बसून मी ती दिली, आणि नापास झालो. सव्वीस वर्षं मुलांच्या चाचण्या तपासणारा मी. प्रश्नपत्रिका मोघम होती, याबद्दल मी बाईंना दोन मुद्दे सांगितले. त्या म्हणाल्या, "असं सगळेच म्हणतात, सर." घरी आलो तर सासऱ्यांनी माझं तोंड बघूनच ओळखलं. मला वाटलं आता मेलो. पण ते खुर्ची ओढून समोर बसले, त्यांनी चाचणीच्या तयारीचं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि चष्म्याशिवाय, हात लांब करून, मला प्रश्न विचारायला लागले. रोज. चुकलो की टपली मारत. मार्सेलला अशा टपल्या मारलेल्या मी पाहिल्या होत्या. मला त्या पहिल्यांदाच मिळत होत्या, आणि एकदोन उत्तरं मी मुद्दाम चुकवली हे मी मायतेलाही सांगितलेलं नाही.

दुसऱ्यांदा पास झालो. सरकारला कळवून झालं. सासरे रीतसर कॅलिफोर्नियाचे झाले. शेवटी एका शनिवारी कुलूपबंद पेटी डिकीत ठेवून आम्ही दोघं दुकानात गेलो. सासऱ्यांनी कोट घातला होता, लग्नाला घालतात तो. आता कागद होणार, मग कायद्यानं ठरवलेले वाट बघायचे दिवस, आणि मग पिस्तूल माझं. त्यांच्या हातून माझ्या हाती.

रॉबर्टाबाई मांजराच्या पलीकडून संगणकावर टाइप करायला लागल्या. "देणारे बातिस्त इचार्ट. घेणारे लेलंड ऑसगुड. बाप-लेक असते तर कागद वेगळा, पण तुमचं दोघांचं काही नातं नाही, तेव्हा हाच..."

"काय नाही?" सासरे म्हणाले.

"नातं, मिस्टर इचार्ट. कायद्याच्या दृष्टीनं."

"नातं नाही कसं? माझ्या घरात राहतो तो."

"तुम्ही त्यांच्या घरात राहता," बाई म्हणाल्या.

"तेच ते! माझ्या हातचं जेवतो. माझ्या कुत्र्याचं ऐकतो. नापास झाला तर मी शिकवलं त्याला." त्यांनी काउंटरवर मूठ आपटली. मांजर उठलं. त्या दुकानाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं असावं. "लिही. मुलगा."

एकतीस वर्षं मी ह्या एका शब्दाची वाट बघत होतो. तो आला तो चर्चमध्ये नाही, मेजवानीत नाही, काडतुसांच्या खोक्यांसमोर आला. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"सर," रॉबर्टाबाई माझ्याकडे वळून अगदी सावकाश म्हणाल्या, "खाली सही शपथेवर आहे. खोटं लिहिलं तर खटला होतो. माझा परवाना जातो. तुम्ही यांचा मुलगा आहात का?"

सासरे माझ्याकडे बघत होते. मिशीखालचा ओठ ताठ होता.

"नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. "नाही. जावई आहे मी त्यांचा."

सासरे दोन पावलं मागे सरले. "ऐकलंत?" ते भिंतीवरच्या बंदुकांना उद्देशून म्हणाले. "लोकांच्या दुकानात उभा राहून बापाला नाही म्हणतो!"

"मिस्टर इचार्ट, अहो, कायदा..."

"मिस्टर इचार्ट म्हणे! घरी आइता म्हणायची लाज वाटते, इथे मुलगा म्हणवून घ्यायची लाज वाटते!"

"तुम्ही कधी म्हटलंच नाही की आइता म्हण!"

"मार्सेलला म्हणालो होतो का? पोरं आपणहून म्हणतात!"

रॉबर्टाबाईंनी संगणक बंद केला आणि मांजराला पुन्हा झोपवलं. "एक जण मुलगा म्हणतोय, एक जण नाही म्हणतोय. मी याच्यावर सही घेणार नाही. तुम्ही दोघं एकमेकांचे कुणी नाही, याच्यावर तुमचं एकमत झालं की या. माझं दुकान इथेच आहे."

"मी तसं म्हणणार नाही," सासरे म्हणाले. "मेलो तरी नाही."

"आइता," मी म्हणालो, "नुसतं 'जावई' म्हणा. एक शब्द. पिस्तूल मिळेल मला."

"एकदा दिलेला शब्द मी मागे घेत नाही. पिस्तूल नको तर राहू दे."

त्यांनी पेटी काखेत मारली. मी ती त्यांच्याकडून घेऊन नियमाप्रमाणे कुलूप तपासून डिकीत ठेवली. इतक्या महिन्यांत निदान एवढं मी शिकलो होतो. वाटेत गोल चक्कर आलं तेव्हा ते म्हणाले, "डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ दे." मी जाऊ दिलं.

मायते दारातच उभी होती, बेल्ट्झ तिला कुंपणापलीकडे जाऊ देत नव्हता म्हणून. कुंपणापलीकडे वेंडेल. सासरे गाडीतून उतरले आणि तिच्या बाजूनं तडक आत निघाले.

"काय झालं आइता? एवढे का चिडलायत?"

"काय व्हायचंय! पोरानं भर दुकानात नाक कापलं माझं!"

मायते कुंपणापर्यंत आली, नेवाडाच्या बाजूला मान लांब करून बघायला लागली आणि मला म्हणाली, "मार्सेल कुठाय? तो कशाला आला होता तिथे?"